डॉक्टरचे वडील

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरच्या गल्लीत घर म्हणावं असं एकच घर उरलं होतं, आणि ते काकूंचं होतं. बाकीच्या सगळ्या घरांना बाहेरून लोखंडी जिने फुटले होते. एका खोलीच्या मध्ये पत्रा ठोकून दोन खोल्या झाल्या होत्या, गच्चीवर शेड चढल्या होत्या. खालच्या मजल्यांवर झेरॉक्सवाला, सायकली भाड्याने देणारा, जुनी पुस्तकं विकणारा आणि आरसे लावलेलं केस कापायचं दुकान. संध्याकाळ झाली की शहराच्या दुसऱ्या टोकाहून माणसं यायची. कुणी खायला, कुणी पुस्तकं चाळायला, कुणी नुसतंच तरुण पोरापोरींच्या गर्दीत मिरवायला. एकदा पेपरात या गल्लीचा फोटो छापून आला होता आणि खाली लिहिलं होतं, शहरातली सर्वांत जिवंत गल्ली. शेजारच्या पुस्तकवाल्याने तो कौतुकाने दाखवायला आणला, तेव्हा काकू म्हणाल्या, "जिवंत आहे खरी. झोपतच नाही मेली."

काकूंचे यजमान विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते. ते गेल्यावर काकूंनी वरच्या तीन खोल्या विद्यार्थ्यांना द्यायला सुरुवात केली. मूलबाळ नव्हतं, घर खायला उठायचं. सुरुवातीला बरं वाटलं. जिन्यावर पावलं वाजायची, कुणीतरी "काकू, साखर आहे का?" म्हणून डोकावायचं. मग वर्षं गेली. भाडेकरू दरवर्षी तेवढ्याच वयाचे यायचे. म्हातारी होत होती ती एकट्या काकूंची पाठ, गुडघे आणि जिना. नळ गळतोय, बल्ब गेलाय, किल्ली हरवली, ब्रेकअप झालं, ताप आलाय. सगळ्याचा निकाल काकूंच्या दारात. आणि त्या सगळ्यांच्या आयांचे फोन.

आयांना काय हवं असतं हे काकूंना पाठ झालं होतं. जेवतो ना? जेवतो. अभ्यास करते ना? दिवा जळत असतो हो खोलीत. दिवा जळत असायचा हे खरंच होतं; त्या उजेडात काय चालायचं ते सांगायला त्यांना कुणी ठेवलं नव्हतं.

या सगळ्यांत डॉक्टर सर्वांत जुना. डॉक्टर म्हणजे औषध देणारा नव्हे. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट करायला आला म्हणून पहिल्याच आठवड्यात बाकीच्या पोरांनी नाव पाडलं, ते चिकटलं. उंच, किडकिडीत, दाराच्या चौकटीतून वाकून येणारा. पोरगा गुणी होता. गॅसचं सिलिंडर न सांगता आत आणून ठेवायचा. त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक मध्येच दुसऱ्या विद्यापीठात निघून गेले, नव्यांशी त्याचं जमलं नाही, शिष्यवृत्ती संपली. एक दिवस तो प्रयोगशाळेत गेला नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. मग कधीच नाही. पुढे विद्यापीठाच्याच संग्रहालयात त्याला देखरेखीची नोकरी लागली. राखाडी कोट घालून दालनात उभं राहायचं, कुणी काचेवर हात ठेवला की "हात लावू नका" म्हणायचं.

घरी मात्र त्याने सांगितलं होतं की प्रबंध झाला आणि विद्यापीठातच शिकवायला लागलो.

त्याचे वडील शिंपी होते, इथून सात-आठ तासांवरच्या एका गावात. कामाच्या वेळी डॉक्टरचा फोन लॉकरमध्ये असायचा, म्हणून ते काकूंच्या घरच्या नंबरवर फोन करायचे. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, तेव्हा काकू कुकरची शिटी आणि दारातला मीटरवाला यांच्या मध्ये उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "वर्गावर गेलाय." वेळ मारून नेली. पुढच्या वेळी तेच म्हणाल्या. मग ते तोंडात बसलं. वर्गावर गेलाय. पेपर तपासतोय. मीटिंग आहे वाटतं. डॉक्टर संध्याकाळी यायचा, खाली मान घालून विचारायचा, "बाबांचा फोन होता?" काकू म्हणायच्या, "होता. सांगितलं." तो विषय तिथेच संपायचा.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर, एका सकाळी, वडीलच दारात उभे राहिले.

बुटका, स्वच्छ माणूस. गळ्यात चष्म्याची दोरी, एका हातात मोठी बॅग आणि दुसऱ्या हातावर कापडी पिशवीत घडी न मोडता आणलेलं काहीतरी. "ताई," ते म्हणाले, "आवाजावरून ओळखलं असतं तुम्हाला. मी डॉक्टरचा बाप." गल्लीतलं नाव त्यांनीही उचललं होतं, आणि ते उच्चारताना त्यांचा चेहरा असा फुलला की काकूंनी नजर त्यांच्या बॅगेकडे वळवली.

"अहो, कळवायचं तरी!" काकू म्हणाल्या.

"कळवलं असतं तर रजा काढून बसला असता स्टँडवर. म्हटलं, त्याचं शिकवणं बघावं. मागे उभं राहून. कुणाला त्रास नाही."

काकूंनी त्यांना बसवलं, चहा टाकला आणि आतल्या खोलीतून डॉक्टरला तीनदा फोन लावला. घंटी लॉकरमध्ये वाजत राहिली. बाकीची दोन्ही पोरं परीक्षेला गेलेली. निरोप द्यायला घरात चिटपाखरू नव्हतं. काकू ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बारापर्यंत यांना इथे थोपवता येईल, त्या मनात म्हणाल्या. मग तो जेवायला बाहेर येईल, फोन बघेल, काय ते सांगेल. बाप-लेक बघून घेतील.

पण पाहुणे थोपवून घ्यायला तयार नव्हते. चहा संपला तसे उठले. "कुठे आहे वर्ग? मी जातो विचारत विचारत."

"छे, छे, हरवाल. मोठं आहे ते. मीच येते." काकूंनी चपला घातल्या.

अशी ती वरात निघाली. काकू पुढे, गुडघा धरत. मागे वडील, हातावरची पिशवी बाळासारखी सांभाळत. मागच्या फाटकातून आत गेल्यावर काकूंना एकदम जाणवलं की समोर राहून आपण इथे कित्येक वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. यजमान होते तेव्हा डबा द्यायला यायच्या. झाडं तेव्हा हाताला येत होती, आता त्यांच्या सावलीत बाकं होती आणि बाकांवर माणसांची कुटुंबंच्या कुटुंबं. रविवार नसूनही बाहेरगावचे लोक घड्याळाच्या मनोऱ्यासमोर फोटो काढत होते.

वेळ काढायचा म्हणून काकूंनी त्यांना सगळं दाखवायला सुरुवात केली. मनोरा दाखवला. ग्रंथालयाच्या रुंद पायऱ्या दाखवल्या, तिथे पोरं पुस्तकं उशाला घेऊन झोपली होती. संस्थापकांचा पुतळा दाखवला, ज्याच्या उजव्या बुटाचं टोक सोन्यासारखं चकाकत होतं.

"हे असं का?" वडिलांनी विचारलं.

"परीक्षेआधी पोरं हात घासून जातात. पास होतात म्हणे."

"एवढं शिकून?"

"शिकून झालेलं नसतं ना, म्हणूनच."

वडील खळखळून हसले. मग इकडेतिकडे बघून, कुणी बघत नाही अशा बेताने, त्यांनीही बुटावर हात फिरवला. "याचं झालं सगळं," ते म्हणाले. "पण असावं."

काकूंनी मान फिरवली.

तळ्यापाशी येईपर्यंत त्यांचा गुडघा बोलायला लागला होता. त्या बाकावर बसल्या. वडील शेजारी बसले, पिशवी मांडीवर घेतली. तळ्यात बदकं होती, पलीकडे एक मुलगी मोठ्याने काहीतरी पाठ करत येरझाऱ्या घालत होती. ऊन चढत चाललं होतं.

"ताई, एक सांगू का," वडील म्हणाले. "मी परत जायला आलेलो नाही. डोळे गेले माझे. पूर्ण नाही, पण सुईत दोरा जाईना. शेवटी शेवटी गिऱ्हाइकालाच म्हणायचो, तेवढं ओवून देता का. लोक द्यायचे बिचारे. पण शिंप्याला हे शोभतं का? दुकान बंद केलं. मशीन देऊन टाकलं. त्याची आई असती तर वेगळी गोष्ट होती. मोठ्या मुलीकडे जाता येईल, पण तिचं घर भरलेलं, सासू-सासरे आहेत. हा मागे म्हणाला होता, विद्यापीठाकडून राहायला घर मिळणार आहे. म्हटलं, चला." त्यांनी पिशवी थोपटली. "हा शेवटचा कोट. महिना लागला. वर्गात घालायला."

काकू पाण्याकडे बघत राहिल्या. बारा वाजायला अजून अवकाश होता. अजून फुलांची बाग होती, जुनी सभागृहाची इमारत होती, कँटीन होतं. तासभर सहज निघाला असता. पण त्यांच्या अंगातलं त्राणच संपलं. गुडघ्यातलं नव्हे, दुसरंच काहीतरी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांवर पांघरूण घालत आले, त्यांना वाटलं, आता हे एक ओझं हातातून सुटलं तर सुटू दे.

"उठा," त्या म्हणाल्या. "त्याच्याकडेच जाऊ."

संग्रहालयात शिरल्यावर आधी गारवा लागला. मोठ्या दालनात छताला देवमाशाचा अख्खा सांगाडा टांगलेला, त्याखाली शाळेच्या पोरांचा गलका. आणि त्या गलक्याच्या कडेला, राखाडी कोटात, डॉक्टर उभा होता. एक लहान मुलगा दोरीखालून आत घुसला होता, त्याला तो दंडाला धरून बाहेर काढत होता. तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मुलींचं बाथरूम कुठे आहे?" डॉक्टरने हात करून दाखवलं. "डावीकडे. पाणी नाहीये आज, बादली भरून ठेवली आहे."

हात खाली घेताना त्याने वडिलांना बघितलं.

तो जागचा हलला नाही. वडीलही नाही. मध्ये शाळेची पोरं धावत होती. काकूंना वाटलं, आता हे ओरडतील, किंवा वळून चालू लागतील. वडिलांनी फक्त चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लेकाच्या कोटाकडे बघितलं. खांद्यापासून बाहीपर्यंत, बाहीपासून खिशापर्यंत.

"कुणी शिवलाय हा?" ते म्हणाले.

मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ, तिघं उभे राहिले. डॉक्टरने कुणाला तरी सांगून थोडा वेळ मागून घेतला होता.

"कधीपासून?" वडिलांनी विचारलं.

"दुसरं वर्ष चाललंय."

"आणि तो प्रबंध?"

"अर्धा आहे."

"अर्धा म्हणजे?"

"अर्धा म्हणजे नाही, बाबा."

वडिलांनी मान हलवली. पिशवीतून कोट काढला. गडद निळा, अस्तराला बारीक रेघ. "घाल," ते म्हणाले.

"बाबा, आत्ता..."

"घाल म्हणतोय ना!"

डॉक्टरने राखाडी कोट काढून टाकीवर ठेवला आणि निळा चढवला. वडील त्याच्याभोवती फिरले. पाठीवर दोन बोटांत कापड धरलं, सोडलं. कॉलर ओढली. खांद्यावर तळहात ठेवून दाबलं. माप कधीचं होतं कोण जाणे; कोट दोन्ही बाजूंनी लोंबत होता आणि पाठीवर एक मोठी घडी पडली होती.

"खांदे उतरलेत तुझे," ते म्हणाले. "केवढे होते."

"रागवा ना बाबा," डॉक्टर म्हणाला. "काहीतरी बोला."

"काय बोलू? मी दुकान बंद करून आलोय. तू घराचं बोलला होतास."

"बोललो होतो."

"कुठे आहे घर?"

डॉक्टरने काकूंकडे बघितलं. काकूंनी जमिनीकडे बघितलं.

घरी परतताना रस्ता लांबला. वडील आता पुढे चालत होते, काकू मागे. पुतळ्याजवळून गेले तेव्हा त्यांनी तिकडे बघितलंही नाही. फाटकापाशी थांबले, काकू गाठेपर्यंत वाट बघितली.

"ताई, तो खोटं बोलतोय असं मला अधूनमधून वाटायचं," ते शांतपणे म्हणाले. "पोटच्या पोराचा आवाज कळतो. मग मी तुम्हाला फोन करायचो. मनात म्हणायचो, ही बाई वयाची आहे, परकी आहे, ही मला का फसवेल? तुम्ही म्हणालात ना, वर्गावर गेलाय, की मला त्या दिवशी झोप लागायची."

माझ्या डोक्याला इतके व्याप, असं काकूंना म्हणता आलं असतं. पोराची कीव आली, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही त्या फाटकात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हं," वडील म्हणाले, आणि रस्ता ओलांडताना त्यांनी काकूंना गाडीपासून आडोसा दिला. रागावलेल्या माणसानेही गुडघेदुखीच्या बाईला रस्ता ओलांडून द्यायचा असतो, एवढं त्यांना कळत होतं.

वडील वरच्या अरुंद खोलीत राहिले. लेक जमिनीवर झोपायचा, ते खाटेवर. काकूंना खाली सगळं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वर एकदम तोंडाचा पट्टा सुटला, आणि गंमत म्हणजे तो डॉक्टरचा होता. तो त्या प्राध्यापकांवर ओरडत होता, शिष्यवृत्तीवर, स्वतःवर, आणि शेवटी "तुम्ही गावभर सांगितलंत, मी काय करणार होतो!" असं वडिलांवर. वडिलांचं म्हणणं ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने जिन्यावरून दोघं खाली आले, डोळे लाल, आणि डॉक्टरने विचारलं, "काकू, दोन अंडी आहेत का?" काकूंनी चार उकडून दिली.

त्या दिवशी वडील त्याच्याबरोबर संग्रहालयात गेले आणि दिवसभर तिथल्या बाकावर बसून राहिले. पुढच्या दिवशीही. काय बघितलंत, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "बघण्यासारखं पुष्कळ आहे. मला धूसर दिसतं सगळं. पण तो दिवसभर उभा असतो हो. बसायला स्टूल पण देत नाहीत."

मग मोठ्या मुलीचा फोन आला. तिला कळलं होतं. तिने बापाला चार शब्द सुनावले, भावाला आठ, आणि म्हणाली, सासू-सासऱ्यांशी मी बोलले आहे, माझ्याकडे या. वडिलांनी बॅग भरली. कोट त्यांनी उसवून, जमेल तसा आत घेऊन, गल्लीतल्या एका शिंप्याच्या मशीनवर बसून स्वतःच पुरा केला होता. दोरा त्या शिंप्याने ओवून दिला. टाके थोडे वाकडे आले होते. डॉक्टर म्हणाला, छान झालाय. वडील म्हणाले, "आता तरी खोटं बोलू नकोस."

स्टँडवर पोचवायला डॉक्टर गेला. काकू दारापर्यंत आल्या. वडिलांनी हात जोडले, काकूंनीही जोडले. पुन्हा या, असं कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी डॉक्टर परत आला तेव्हा काकू व्हरांड्यात भाजी निवडत बसल्या होत्या. तो खालच्या पायरीवर बसला. गल्ली भरायला लागली होती. समोर एका खाण्याच्या गाडीपुढे रांग होती, कुणीतरी गिटार काढली होती.

"काय म्हणाले निघताना?" काकूंनी विचारलं.

"म्हणाले, महिन्याला येत जा. बाकी काही नाही. बस सुटेपर्यंत खिडकीतून बघत होते, पण मी गर्दीत मागे सरकून दुसऱ्याच बसजवळ उभा होतो. त्यांना दिसलंच नसेल नीट."

काकूंनी देठ खुडला. मग दोन दिवस घोळत असलेलं बोलून टाकलं. "हे सत्र संपलं की मी वरच्या खोल्या बंद करतेय. तू दुसरीकडे बघ."

डॉक्टरने पायरीवरून मागे वळून बघितलं. "माझ्यामुळे?"

"नाही रे."

"मी त्यांना तुमच्याकडे फोन करू देणार नाही यापुढे. खरंच."

"तुझ्यामुळे नाही म्हटलं ना. मी थकलेय." त्यांनी ताट बाजूला सारलं. "माझ्याकडे अगदी पहिली भाडेकरू म्हणून एक मुलगी आली होती, तुझ्याही आधी, ती आजारी पडली तेव्हा मी चार दिवस उशाशी बसले होते. परवा तो कोपऱ्यातल्या खोलीतला तापाने फणफणला, तर मी दारातूनच गोळी दिली आणि वळले. मला कंटाळा आला. आजारी पोराचा कंटाळा आला मला. म्हणजे आता पुरे."

"काकू, तुम्ही जेवढं केलंत..."

"भाषण नको. खोली बघ."

त्याने बघितली. संग्रहालयातल्याच एका माणसाबरोबर, दोन गल्ल्या पलीकडे. प्रबंध पुन्हा सुरू केला असं काही झालं नाही; त्याने तसं सांगितलंही नाही. बहिणीकडे मात्र पहिल्या महिन्याला जाऊन आला, आणि आल्यावर काकूंना सांगून गेला की वडील नातवाला अंघोळ घालतात, तेवढं त्यांना न बघता जमतं.

परीक्षा संपल्या. फुटपाथवर गाद्या, टेबलफॅन, मोडक्या खुर्च्या यांचे ढीग लागले. कोपऱ्यातला पोरगा गेला, त्याच्या शेजारचा गेला. नवीन पोरं विचारायला यायला लागली, कुणी आईला घेऊन, कुणी एकटी. काकू दारातूनच नाही म्हणायच्या. एका आईने फारच गयावया केली तेव्हा त्यांना क्षणभर मोह झाला. मग त्यांनी तिला पुस्तकवाल्याकडे पाठवलं, त्याला सगळ्या खोल्या माहीत असायच्या.

एका दुपारी त्या झाडू घेऊन वर गेल्या. तिन्ही खोल्यांच्या खिडक्या उघडल्या. भिंतींवर चिकटपट्टीचे चौकोन उरले होते, कुणीतरी खाटेच्या कठड्यावर पेनने कसलंसं समीकरण लिहिलं होतं. काकूंनी डॉक्टरच्या खोलीतला केर काढला, आणि मधेच दम लागला म्हणून उघड्या खाटेवर बसल्या. मग आडव्या झाल्या. एवढ्या वर्षांत त्या वरच्या मजल्यावर कधी झोपल्या नव्हत्या. इथून गल्लीचा आवाज वेगळाच यायचा. खाली कानात शिरायचा, इथे तो लांब, दुसऱ्याच कुणाच्या घरासमोर चालल्यासारखा वाटत होता. केर गोळा करायचा राहिला होता. खालचं दार नुसतंच लोटलेलं होतं. उठायला हवं, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते मनात असतानाच त्यांना झोप लागली.